बेव्हेल डुकाटी घेण्याआधी: डेस्मोची भीती आणि बिग एंडचं खरं दुखणं

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: सत्तरच्या दशकातली डुकाटी बेव्हेल ट्विन (बेव्हेल गिअरने कॅम फिरवणारी दोन सिलिंडरची मोटरसायकल) घ्यायची आहे. समोर दोन गाड्या आहेत. एक १९७६ ची ८६० जीटीएस, चालू स्थितीतली, स्प्रिंगच्या व्हॉल्व्हची. दुसरी १९७८ ची ९०० डार्मा, डेस्मो (व्हॉल्व्ह स्प्रिंगशिवाय बंद करणारी), बरीच वर्षं गॅरेजमध्ये उभी असलेली. मन डार्मावर आहे, पण "डेस्मो म्हणजे पैशाचा खड्डा, त्याला इटलीतला मेकॅनिकच लागतो" असं जो तो सांगतो. टॅपेटचं काम (व्हॉल्व्हच्या फटी मोजून जुळवणं) घरी करता येईल का, आणि गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

टॅपेटचं काम घरी करता येतं. त्याला इटलीचा मेकॅनिक नको. चांगला मायक्रोमीटर, फिलर गेज (फटी मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि दोन निवांत दिवस पुरतात. ही इंजिनं डेस्मोमुळे मरत नाहीत. मरतात ती क्रँकच्या बिग एंड बेअरिंगमुळे (कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला जोडलेला असतो ते बेअरिंग), आणि बिग एंड मरतं ते घाण तेलामुळे किंवा कमी आरपीएमवर इंजिन रेटल्यामुळे. म्हणून गाडी बघायला जाताना डेस्मोची चिंता थोडी बाजूला ठेवा आणि तेलाकडे बघा.

आधी या इंजिनाची घडण समजून घेऊ, म्हणजे पुढची कामं का करायची ते कळेल. इटलीत बोलोन्याच्या बोर्गो पानिगालेतल्या डुकाटीच्या कारखान्यात इंजिनिअर फाबिओ तालियोनी १९५४ साली रुजू झाले. पुढच्याच वर्षी त्यांची १०० सीसी ग्रान स्पोर्ट आली. तिच्यात क्रँकपासून हेडपर्यंत उभा दांडा आणि त्याच्या दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराचे, म्हणजे बेव्हेल गिअर होते. साखळी लांबते आणि तिला ताण द्यावा लागतो. दांडा-गिअरची जोडी एकदा नीट बसली की व्हॉल्व्हचं टायमिंग वर्षानुवर्षं हलत नाही. १९५६ मध्ये त्यांच्या १२५ सीसी रेसरने स्वीडनमधली ग्रां प्री जिंकली. तिच्यात व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग नव्हती, ते काम वेगळा कॅम आणि वेगळा रॉकर (कॅमवर हलून व्हॉल्व्ह हलवणारी छोटी तरफ) करत होता. हेच डेस्मो.

त्या काळी स्प्रिंगचं पोलाद फारसं भरवशाचं नव्हतं. आरपीएम वाढले की स्प्रिंग स्वतःच थरथरू लागे, व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडे आणि पिस्टनच्या डोक्यावर आपटे. डेस्मोमध्ये व्हॉल्व्ह उघडायलाही रॉकर आणि मिटायलाही रॉकर, त्यामुळे मागे पडायचा प्रश्नच नाही. रस्त्यावरच्या गाडीत डेस्मो पहिल्यांदा आलं १९६८ साली, २५० आणि ३५० मार्क ३ डी या सिंगलमध्ये. पुढे १९७१ ची ७५० जीटी ही पहिली बेव्हेल ट्विन आली ती मात्र स्प्रिंगची होती. २३ एप्रिल १९७२ ला इमोलाच्या २०० मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाजारी दुसरा आला तो डेस्मो ७५० वर, आणि तेव्हापासून या नावाभोवती वलय आलं. स्पष्टच सांगायचं तर, रस्त्यावर सात-आठ हजार आरपीएमपर्यंत फिरणाऱ्या ८६० ला चांगल्या स्प्रिंग पुरतात. डार्मात डेस्मो आहे ते गरजेपेक्षा घराण्याच्या अभिमानापोटी. तरी त्याचा त्रास होतो असंही नाही.

तुमच्या दोन्ही गाड्यांचं खालचं इंजिन जवळजवळ एकच आहे. बोअर ८६ मिमी, स्ट्रोक ७४.४ मिमी, एकूण ८६४ सीसी. नाव ८६० असो की ९००, आकडा हाच. त्यामुळे ९०० एसएसच्या फ्रेमवर "डीएम८६०एसएस" असा ठसा दिसला तर दचकू नका, तो तसाच असायला हवा. दोन सिलिंडर ९० अंशांत, पुढचा जवळजवळ आडवा. या कोनात पिस्टनच्या मुख्य (पहिल्या क्रमाच्या) कंपनांचा तोल एकाच क्रँकवरच्या वजनाने साधला जातो, म्हणून एवढं मोठं इंजिन हातात झिणझिण्या आणत नाही. त्याची किंमत म्हणजे लांबलचक गाडी. अरुंद गल्लीत वळवताना ते जाणवतं. ७५० च्या गोल कव्हरच्या इंजिनात प्रत्येक बेव्हेल जोडी शिम (माप जुळवायची चकती) लावून हाताने बसवावी लागे आणि त्यात कारागिराचे तासन्‌तास जात. १९७५ ला डिझायनर जुजारोने रेखाटलेल्या ८६० जीटीबरोबर चौकोनी कव्हरचं इंजिन आलं. ते जुळवायला बरंच सोपं, आणि त्यात बदलता येणारा ऑइल फिल्टरही आला. गोल कव्हरवाल्यात नुसती जाळी होती. दिसायला गोल इंजिन देखणं, यात वाद नाही. पण रोज वापरायची गाडी असेल तर चौकोनी घ्या.

आता बिग एंड. क्रँक एकसंध नाही, प्रेस करून जोडलेला आहे. दोन कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर शेजारी शेजारी, पिंजऱ्यातल्या रोलरवर फिरतात. रोलर बेअरिंगला प्रेशरपेक्षा तेलाची स्वच्छ धार लागते. तेल उजव्या कव्हरमधून क्रँकच्या टोकात शिरतं आणि आतल्या भोकांमधून पिनपर्यंत जातं. त्या वाटेवर क्रँकच्या पाळीत एक पोकळी असते. फिरत्या क्रँकमध्ये जड कण बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि या पोकळीत गाळ होऊन बसतात. योजना हुशारीची, पण पोकळी कधीतरी रिकामी करावी लागते आणि त्यासाठी इंजिन पूर्ण खोलावं लागतं. कुणी करत नाही. पोकळी भरली की गाळ तेलाच्या भोकाकडे सरकतो, धार बारीक होते, रोलरवर डाग पडतात, पिनचा कठीण थर सुटतो. दुसरं कारण चालवणाऱ्याचं. टॉप गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर थ्रॉटल पिळला की प्रत्येक स्फोटाचा दणका त्याच चार-दोन रोलरवर पडतो. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल वाचवायला आपण जसे वरच्या गिअरमध्ये रेटत जातो, ती सवय या इंजिनाला विष आहे. तीन हजारांच्या खाली जोर लावायचा नाही, गिअर पाडायचा.

हे न खोलता तपासायचं कसं? चालू गाडी असेल तर विकणाऱ्याकडे तेल काढून दाखवण्याची परवानगी मागा, नवं तेल तुम्ही आणा. गरम इंजिनाचं तेल स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढा, फिल्टर बाहेर काढून कात्रीने कापा आणि कागदाच्या घड्या उलगडा. करडा लगदा म्हणजे क्लचची धूळ, तिची काळजी नको. पिवळसर चमक म्हणजे पितळ किंवा ब्राँझ, बुश किंवा बेअरिंगच्या पिंजऱ्याचं. लोहचुंबकाला चिकटणारे, नखाला टोचणारे चपटे कण दिसले तर ते कठीण पोलादाचे पापुद्रे आहेत, आणि क्रँकचं काम आलंच असं धरून भाव करा. विकणारा तेल काढू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

आवाजानेही कळतं, पण कान तयार हवा. टॅपेटची टिकटिक वरून येते आणि आरपीएमच्या निम्म्या गतीने. बेव्हेलची बारीक शिट्टी उजव्या बाजूने येते, थोडी असणं नैसर्गिक आहे. बिग एंडचा ठोका जड आणि खालून. तो इंजिन गरम झाल्यावर, थ्रॉटल अर्धवट उघडून लगेच सोडताना जास्त स्पष्ट येतो. थंड इंजिन ऐकून निर्णय घेऊ नका. तुम्ही पोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर का ठेवली ते विचारा. या गाड्या थंड असताना नखरे करतात आणि विकणाऱ्याला ते लपवायचे असतात.

क्रँकचं काम निघालंच तर ते घरी होत नाही. प्रेसवर क्रँक उघडायचा, नवी पिन, नवे रोलर-पिंजरे, रॉडच्या डोळ्यांना घासून नवं माप, गाळाच्या पोकळीचे प्लग काढून आत स्वच्छता, प्लग परत घट्ट लॉक करून बसवणं, आणि शेवटी दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजने क्रँक सरळ करणं. दोन्ही टोकांना ०.०३ मिमीच्या आत आणणारा माणूस शोधा. त्याला तुम्ही विचारायचा एकच प्रश्न पुरेसा आहे: "पोकळीचे प्लग काढता का?" तो गोंधळला तर क्रँक उचला आणि दुसरीकडे जा. पुढे १९८४ च्या सुमारास मिल मॉडेलमध्ये डुकाटीने साध्या बेअरिंगचा एकसंध क्रँक दिला, तेव्हा हे दुखणं संपलं. पण तोवर बेव्हेलचेच दिवस भरत आले होते.

उभ्या डार्माबद्दल वेगळं सांगायला हवं. तिला स्टार्टर मारू नका, ढकलून तर अजिबात नको. स्प्रिंगच्या इंजिनात व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून अडकला तर तो उघडाच राहतो. डेस्मोमध्ये बंद करणारा रॉकर त्याला ओढून बंद करायचा प्रयत्न करतो आणि अडकलेल्या व्हॉल्व्हवर सगळा जोर येतो. मग व्हॉल्व्हच्या खाचेतल्या अर्ध्या रिंगा चिरडतात किंवा रॉकर तुटतो. म्हणून आधी दोन्ही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दहा-पंधरा मिली पातळ तेल सोडा. रॉकरची चारही झाकणं उघडून व्हॉल्व्हच्या दांड्यांवर गंज सोडवणारं तेल मारा. एक-दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. कुठेही अडलं तर तिथेच थांबा आणि उलट फिरवून बघा. पुढचा सिलिंडर आडवा असल्यामुळे त्यात तेल खालच्या बाजूला साचतं आणि वरची भिंत कोरडी राहते. तिथे दोनदा तेल सोडा. सगळं मोकळं फिरल्यावर मग टाकीतला गंज, क्लच प्लेटा चिकटल्यात का, डावीकडच्या अल्टरनेटरच्या तारा कडक होऊन तडकल्यात का, हे बघा. कडक झालेली वायर ही या वयाच्या गाडीत जवळजवळ ठरलेली गोष्ट आहे.

आता टॅपेट. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभं असलेलं. ज्या सिलिंडरचं काम त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सर्वांत वरच्या जागी) आणा. प्रत्येक व्हॉल्व्हला दोन शिम आहेत. वरचा, उघडणारा शिम टोपीसारखा दांड्याच्या टोकावर बसतो. खालचा, बंद करणारा शिम कॉलरसारखा दांड्याभोवती असतो आणि दोन अर्ध्या रिंगा त्याला वर निसटू देत नाहीत. बंद करणाऱ्या रॉकरचं दुबेळकं या कॉलरला खालून वर उचलतं. त्या रॉकरला एक हलकी स्प्रिंगही आहे. किक मारताना व्हॉल्व्ह सीटला चिकटून राहावा एवढंच तिचं काम.

उघडणारी फट सरळ मोजता येते: रॉकर आणि टोपी यांच्यामध्ये फिलर घाला. ०.१० मिमीच्या आसपास ठेवा. बंद करणारी फट थेट मोजायला जागा नसते, म्हणून वजाबाकी करा. आधी वरची, म्हणजे उघडणारी फट मोजा. समजा ती ०.१२ आली. मग स्क्रूड्रायव्हरने कॉलर खाली दाबा. हलकी स्प्रिंग दबते आणि बंद करणारा रॉकर आपल्या कॅमला टेकून थांबतो. दाबलेलं ठेवून पुन्हा वर फिलर घाला. आता ०.३० आली तर बंद करणारी फट ०.१८ आहे. ती हवी ०.०० ते ०.०५. ०.०३ चं लक्ष्य ठेवायचं असेल तर सध्याच्यापेक्षा ०.१५ ने जाड कॉलर लागेल. बसवल्यावर कॉलर दोन बोटांनी दांड्याभोवती फिरायला हवी. फिरत नसेल तर फट शून्याच्या खाली गेली आहे. असं इंजिन तसंच चालवलं तर कॅम, रॉकर आणि रिंगा एकमेकांना खातात. उलट फट जास्त असेल तर वाजतं, आणि किक मारताना कॉम्प्रेशन कमी जाणवतं, बाकी लगेच काही मोडत नाही. म्हणजे शंका असेल तर सैल बाजूला चुका. आणि मोजमाप कॅमच्या एकाच जागी घेऊ नका. क्रँक थोडा पुढेमागे करून दोन-तीन ठिकाणी बघा, सर्वांत घट्ट जागा प्रमाण माना. कॅमचा गोल भाग क्वचितच अगदी गोल असतो.

या दोन आकड्यांतून इंजिनाच्या आतलं बरंच कळतं, आणि ही गोष्ट मॅन्युअल सहसा सांगत नाही. उघडणारी फट कमी झाली आणि बंद करणारी तेवढ्याच मापाने वाढली, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चालला आहे. उघडणारी जशीच्या तशी आणि फक्त बंद करणारी वाढली, तर अर्ध्या रिंगा किंवा त्यांची खाच झिजली आहे. दोन्ही वाढल्या तर रॉकरच्या टाचेवरचा क्रोमचा थर बघा. तो पापुद्र्यासारखा सुटतो, आणि सुटलेले तुकडे तेलाबरोबर थेट खाली जातात, म्हणजे पुन्हा बिग एंडचा प्रश्न. खवले पडलेला रॉकर घासून गुळगुळीत करून परत बसवू नका. तो पुन्हा कठीण क्रोम करून किंवा बदलूनच घ्यायचा.

कॉलर बदलताना पिस्टन टीडीसीलाच असू द्या, नाहीतर रिंगा काढल्या की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये उतरेल. हेडमधली तेलाची सगळी भोकं आणि मोकळ्या जागा लिंट नसलेल्या कापडाने बुजवा. वरचा रॉकर बाजूला करा. त्याची पिन ओढावी लागली तर पुलर वापरा, हातोडी नको. रॉकरच्या दोन्ही बाजूंना पातळ वॉशर असतात. कोणता कुठे होता याचा फोटो काढूनच ते उचला. टोपी काढा, कॉलर खाली दाबून धरा आणि अर्ध्या रिंगा मॅग्नेटने किंवा ग्रीस लावलेल्या काडीने उचला. एका हाताने दाबायचं आणि दुसऱ्याने भाताच्या शिताएवढ्याशा रिंगा पकडायच्या, यातच बहुतेकांचा धीर सुटतो. पुढच्या सिलिंडरच्या खालच्या बाजूच्या व्हॉल्व्हला तर आडवं पडून काम करावं लागतं. जुन्या रिंगांच्या अंगावर सपाट पट्टा दिसला तर नव्या घाला. नव्या रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसतात आणि फट थोडी वाढते, म्हणून ५०० किलोमीटरला पुन्हा मोजा. त्यानंतर दर ५,००० ला पुरतं.

कॉलर नेमक्या मापाची मिळेलच असं नाही. जाड घ्यायची आणि उतरवायची: काचेच्या जाड तुकड्यावर ४०० नंबरचा ओला पॉलिश पेपर, तेलाचे दोन थेंब, आणि आठचा आकडा काढत घासत राहायचं. दर थोड्या वेळाने चार ठिकाणी मायक्रोमीटर लावा. चारही आकडे ०.०१ मध्ये जुळले पाहिजेत, नाहीतर कॉलर तिरकी झाली. माप कॉलरच्या पूर्ण उंचीचं नको, रिंगा जिथे टेकतात त्या आतल्या पायरीपासून खालच्या तोंडापर्यंतचं हवं. त्यासाठी आत बसेल असा एक कठीण पोलादाचा छोटा दांडा करून घ्या, माप घ्या आणि दांड्याची लांबी वजा करा. व्हर्निअर इथे चालत नाही. सुट्टीत महाराष्ट्रात येणार असाल तर कॉलरचा संच बरोबर आणा. भोसरीत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात सरफेस ग्राइंडर असलेल्या टूलरूमला हे अर्ध्या तासाचं काम आहे, फक्त कागदावर मापं मिलिमीटरच्या दोन दशांशांपर्यंत लिहून द्या.

बेव्हेल गिअरना हात लावायची वेळ आली तर एक नियम पाळा: जे वाजत नाही ते उघडू नका. हेड उचलावंच लागलं तर आधी टीडीसीला आणून प्रत्येक जोडीवर स्वतःची रंगाची खूण करा, कारखान्याचे ठिपके शोधत बसू नका. जुळवताना दातांवर निळा मार्किंग रंग लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर यायला हवा, टोकाला किंवा बुडाला नको. दोन्ही गिअरच्या पाठी एका पातळीत आहेत का ते बोटाने बघा. मोकळीक हाताला जेमतेम कळेल एवढीच. पार घट्ट बसवली तर ॲल्युमिनियम तापून फुगल्यावर शिट्टीचं रूपांतर किंकाळीत होतं आणि बेअरिंग जातात.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. एक्झॉस्टचा पाइप हेडला मोठ्या आट्यांच्या नटने धरलेला असतो. तो नट सैल राहिला की थरथरून हेडमधले आटे खाऊन टाकतो, आणि ते दुरुस्त करायला वेल्डिंग करून नवे आटे कापावे लागतात. गाडी बघताना हा नट हाताने हलतो का, एवढं नक्की करून बघा. बसवताना कॉपर ग्रीस लावा, इंजिन गरम असताना पुन्हा आवळा, आणि तार बांधून लॉक करा. ८६० वर गिअर डावीकडे आणायला आडवी दांडी टाकलेली आहे, तिच्या सांध्यांत खेळ येतो आणि न्यूट्रल सापडत नाही; डार्मात हे नीट केलेलं आहे. ८६० ची इलेक्ट्रॉनिक इग्निशन गरम झाल्यावर दगा देते. थंड असताना सुरू होणारी गाडी अर्ध्या तासाने मिस करायला लागली तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी पिकअप कॉइल बघा. डार्माला बॉश इग्निशन आहे, ती जास्त बरी. डार्माच्या सुरुवातीच्या कॅम्पान्योलो चाकांना मॅग्नेशियमच्या आऱ्या आहेत. आऱ्या जिथे हबला मिळतात तिथे रंगाखाली तडा नाही ना, ते भिंगातून बघा. शंका असेल तर तडे दाखवणारा डाय मारून घ्या, आणि तोवर गाडी चालवू नका.

तेल २०डब्ल्यू-५० मिनरल, साडेचार लिटरच्या आसपास, पातळी डिपस्टिकवर. दर २,५०० किलोमीटरला फिल्टरसकट बदला. हा खर्च क्रँकच्या तुलनेत काहीच नाही. पेट्रोलमध्ये ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं ते ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) आहे. त्यातलं इथेनॉल डेल'ऑर्टो कार्ब्युरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाचा रबरी पडदा आणि जुन्या नळ्या खातं. सुपर ग्रेडचं ई५ भरा. भारतात ई२० वर अशी गाडी चालवणाऱ्याला सगळे रबरी भाग इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचे बसवून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. तुमच्या दोन्ही गाड्यांची टाकी पत्र्याची आहे हे नशीब. ७५० एसएसच्या फायबरग्लासच्या टाक्या इथेनॉलमध्ये मऊ पडतात आणि सुटलेला चिकट रस व्हॉल्व्हच्या दांड्यांवर जमतो.

मग घ्यायची कोणती? ८६० च्या फिल्टरमध्ये पोलादाचे पापुद्रे नसतील तर ती घ्या आणि त्याच आठवड्यात चालवायला लागा. डार्मा घ्यायची तर तिच्या किमतीत क्रँक उघडण्याचा खर्च आधीच धरा. इतकी वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाच्या बेअरिंगवर गंजाचे ठिपके बहुधा असतात, आणि ते चालवल्यावरच कळतं. एवढा खर्च धरूनही भाव जमत असेल तर डार्मा जास्त चांगली गाडी आहे: गिअर, इग्निशन, लिओ तार्तारिनीने केलेलं देखणं रूप, सगळंच. डेस्मो हे तिला नाकारायचं कारण होऊ शकत नाही. आणि हे सगळं वाचून हात आखडला असेल तर मोतो मोरिनीची ३½ बघा. ३४४ सीसी, ७२ अंशांची व्ही-ट्विन, सपाट हेड आणि ज्वलनाची खोलगट जागा पिस्टनच्या डोक्यात. कॅम दातेरी रबरी पट्ट्यावर चालतो, आणि तो पट्टा किलोमीटरपेक्षा वयावर बदलायचा. टॅपेट स्क्रूने सेट होतात. मोतो गुत्सीची ७०३ सीसी व्ही७ घ्यायचा मोह झाला तर सिलिंडरचा क्रोमचा थर आधी तपासा. तोही पापुद्रे सोडतो, आणि ते पापुद्रेही तेलातच जातात.

गाडी घरी आल्यावर पहिलं तेल ३०० किलोमीटरलाच काढा, कितीही स्वच्छ दिसलं तरी. फिल्टर पुन्हा कापा आणि आधीच्या फिल्टरचा जपून ठेवलेला तुकडा शेजारी ठेवून बघा. पापुद्रे कमी झाले असतील तर जुना गाळ बाहेर पडतो आहे, आणखी ५०० किलोमीटरनंतर तिसरा फिल्टर कापा. तेवढेच किंवा जास्त असतील तर गाडी स्टँडवर चढवा आणि क्रँकवाल्याची वेळ घ्या. पिन अजून फुटलेली नसताना इंजिन उघडलं तर रॉड वाचतात.